दहा इंची लेथ: पडवीत बसवण्यापासून पहिल्या लाटण्यापर्यंत

गणपती आटोपल्यानंतरच्या आठवड्यात रत्नागिरीजवळच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत लाकूड कातण्याचा लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून त्याला हत्याराने आकार देण्याचे यंत्र, येऊन बसला. त्यावर जवळजवळ पाच महिने काम केल्यावर आता त्याच्याविषयी खात्रीने लिहावे एवढा अनुभव माझ्या गाठीशी जमला आहे. त्याच्यावरच्या कंपनीचे नाव मी येथे घेत नाही. याच मापाचे आणि जवळपास याच घडणीचे टेबलावर बसणारे लेथ वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या लावून अनेक जण विकतात, त्यामुळे पुढे लिहिलेले बहुतेक सारे या वर्गातल्या कोणत्याही यंत्राला लागू पडेल असे मला वाटते.

आधी मापे सांगते, कारण विकत घेताना मापांचाच सर्वांत जास्त गोंधळ होतो. ‘दहा इंची’ म्हणजे बेडवर (यंत्राच्या आडव्या लोखंडी पट्टीवर) जास्तीत जास्त १० इंच व्यासाची वस्तू फिरू शकते. स्पिंडलच्या (लाकडाला फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून बेडपर्यंतचे अंतर ५ इंच असते. मात्र टूल रेस्टचा (हत्यार टेकवण्याच्या आधाराचा) पाया त्या वस्तूखालून सरकवायचा असेल तर प्रत्यक्षात साडेसात-आठ इंचांच्या पुढे जाता येत नाही, आणि ही गोष्ट जाहिरातीत कोणीही लिहीत नाही. दोन टोकांमधले अंतर १८ इंच आहे. लाटणे, रवीची दांडी, देव्हाऱ्याचे छोटे खांब आणि भोवरे यांना ते पुरेसे आहे, पण पाळण्याचा किंवा पलंगाचा खूर कातायचा असेल तर हे यंत्र घेऊ नये. मोटर अर्ध्या अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ३७० वॉटची आहे. पट्टा तीन पुल्यांवर बदलता येतो आणि प्रत्येक पुलीवर नॉब फिरवून वेग कमी-जास्त करता येतो. स्पिंडलचा आटा १ इंच व्यासाचा, इंचाला ८ फेऱ्यांचा आहे, आणि हेडस्टॉक (मोटरकडचे टोक) व टेलस्टॉक (समोरचे सरकते टोक) दोन्हीकडे दोन नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे सेंटर बसवण्याचे निमुळते भोक, आहे. आटा आणि टेपर ही दोन मापे वहीत लिहून ठेवल्याशिवाय चक (लाकूड जबड्यात पकडणारा), फेसप्लेट (लाकूड स्क्रूने जोडण्याची चकती) किंवा फिरते सेंटर (लाकडाचे टोक टेकवून धरणारी फिरती अणी) यांपैकी काहीही मागवू नये. बाजारात ३३ मिलिमीटरच्या आट्याचे चकही सर्रास मिळतात आणि ते या स्पिंडलवर चढत नाहीत.

यंत्र ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून लाकडी पेटीत आले. वजन चाळीस किलोंच्या आसपास असल्याने पेटीतून काढून टेबलावर ठेवायला दोन माणसे लागली. ओतीव लोखंडाच्या बेडवर गंजाविरुद्धचा पिवळसर चिकट थर होता. तो टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसून काढायला अर्धा दिवस गेला, पण हे काम घाईने उरकू नये, विशेषतः टेपरच्या आतल्या भोकात. टेपरमध्ये थोडेसेही ग्रीस राहिले तर सेंटर घट्ट बसत नाही आणि लाकडावर पटाशी टेकवताच जागच्या जागी घसरते. पुसून कोरडा केलेला बेड मी त्या रात्री तसाच ठेवला आणि सकाळी त्यावर तांबूस ठिपके दिसले. भाद्रपदातल्या कोकणी हवेत उघडे लोखंड एक रात्रही स्वच्छ राहत नाही हे मला ठाऊक असायला हवे होते. बारीक पॉलिश पेपरने ते ठिपके काढले, बेडवर मेणाचा पातळ हात दिला, आणि तेव्हापासून दर शनिवारी तो पुन्हा देते. मेणाचा दुसरा फायदा असा की टेलस्टॉक आणि टूल रेस्टचा पाया बेडवरून विनासायास सरकतात. तेल लावले तर त्यात भुसा चिकटून लगदा होतो, म्हणून तेल टाळावे.

टेबलाच्या बाबतीत मी बराच विचार केला होता. स्पिंडलचा मध्य काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर यावा असा नियम आहे, कारण त्याहून खाली असेल तर पाठ वाकते आणि वर असेल तर खांदे भरून येतात. माझे कोपर जमिनीपासून ३८ इंचांवर आहे, स्पिंडलचा मध्य यंत्राच्या पायापासून ११ इंचांवर आहे, म्हणून टेबल २७ इंच उंच हवे होते. जुन्या गोठ्याचे वासे पडून होते. त्यांतून वाडीतल्या सुतारमेस्त्रींनी भक्कम पायांचे टेबल जोडून दिले आणि खालच्या फळीवर पंचवीस-पंचवीस किलोंची वाळूची दोन पोती ठेवली, म्हणजे वेडेवाकडे लाकूड फिरू लागल्यावर टेबल नाचणार नाही. पडवीची शहाबादी फरशी सरळ नाही. एका पायाखाली पाचर ठोकावी लागली.

यानंतर जे घडले ते मला या सगळ्या अनुभवातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. यंत्र टेबलावर नुसते ठेवलेले असताना मी हेडस्टॉकमध्ये दातेरी सेंटर आणि टेलस्टॉकमध्ये फिरते सेंटर बसवून दोन्हींची टोके एकमेकांना भिडवून पाहिली होती, आणि ती सुईच्या टोकाला सुई लागावी तशी जुळली होती. चारही बोल्ट आवळल्यावर पुन्हा पाहिले, तर दोन टोकांमध्ये जवळजवळ एक मिलिमीटरची फट होती. मला वाटले, यंत्रच सदोष आले. विक्रेत्याला पाठवायचा मजकूरही मी लिहून ठेवला. मेस्त्री संध्याकाळी आले, त्यांनी टोके पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, मशीनला नावं ठेवू नका, आधी टेबल बघा.” त्यांनी बोल्ट काढून यंत्र बाजूला करवले, टेबलाच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या आणि खाली वाकून एका डोळ्याने पाहिले. पट्ट्या समांतर नव्हत्या. टेबलाची फळी एका कोपऱ्यात पीळ घेऊन खाली गेली होती. बोल्ट आवळताना त्या पिळाने लोखंडी बेडलाही आपल्याबरोबर खेचले होते. एवढे जाड ओतीव लोखंड चार बोल्टांनी वाकेल यावर माझा विश्वास बसला नसता, पण डोळ्यांसमोर ते घडत होते. मेस्त्रींनी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा तुकडा कापून त्या कोपऱ्यातल्या पायाखाली सरकवला, बोल्ट थोडे-थोडे करून आळीपाळीने आवळले, आणि टोके पुन्हा जुळली. बोल्ट पिळून घट्ट करायचे नसतात, यंत्र हलणार नाही इतपतच आवळायचे असतात, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी टोके भिडवून पाहते, कारण फळी हवेप्रमाणे हलतच राहणार.

ही टोके जुळण्याला इतके महत्त्व का, ते भोवरा कातल्यावर कळते. भोवऱ्याची आर बसवायला जे भोक पाडायचे, ते टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक लावून पाडले जाते; टोके चुकलेली असतील तर भोक मध्यातून सरकते आणि भोवरा जमिनीवर पडताच डगमगू लागतो. लाटण्यात तो दोष कधी दिसलाही नसता. बाभळीच्या तुकड्याचा पहिला भोवरा जाळी गुंडाळून अंगणात फेकला, तो एका जागी स्थिर उभा राहिला, तेव्हा यंत्र नीट बसले याची मला खरी खात्री पटली.

विजेविषयी थोडेच सांगते. एवढ्या मोटरला वेगळी जाड वायर लागत नाही, घरातला साधा सॉकेट पुरतो, परंतु अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. आमच्या पडवीत अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत आलेलीच नव्हती, आणि लोखंडी यंत्राला खेटून तासन्तास उभे राहणाऱ्याला ते परवडणारे नाही. संध्याकाळी व्होल्टेज खाली गेले की वेग नॉबला न विचारता कमी होतो. म्हणून अखेरचे बारीक काम मी सकाळीच करते.

यंत्रासोबत आलेले टूल रेस्ट ओतकामातून निघाल्यावर कोणी हात फिरवलेला नसावा इतके खडबडीत होते. त्याच्या वरच्या कडेवर बारीक खाचा होत्या आणि पटाशी सरकवताना ती प्रत्येक खाचेत अडखळत होती, त्यामुळे लाकडावर लाटा उठत होत्या. पहिले दोन दिवस मी हा माझ्या हाताचा दोष समजत होते. सपाट कानशीने कड घासून, पॉलिश पेपर फिरवून आणि मेण लावून ती आरशासारखी केल्यावर त्याच हातांनी त्याच लाकडावर सरळ रेघ निघाली. अर्ध्या तासाचे हे काम कारखान्यातच झाले असते तर नवशिक्याचे कितीतरी दिवस वाचले असते. टूल रेस्टचा पाया बेडला आवळणारी खालची नटही सैल होती. दांडा पूर्ण फिरवूनही पाया सरकत होता. ती नट पाव फेरा आवळल्यावर काम झाले, पण हे सोबतच्या माहितीपुस्तिकेत नव्हते, आणि पुस्तिकेतली चित्रे तर वेगळ्याच मॉडेलची होती.

धार हा तर स्वतंत्र विषय आहे. लेथच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम हत्यारांवर, ग्राइंडरवर आणि चकवर खर्च होईल, ही तयारी ठेवूनच या वाटेला जावे. ज्यांनी केवळ लेथचा हिशेब मांडला आहे त्यांनी आणखी सहा महिने पैसे साठवावेत असा माझा स्पष्ट सल्ला आहे. सोबत मिळालेल्या पटाश्या साध्या पोलादाच्या होत्या. ग्राइंडरवर जरा जास्त टेकल्या की टोक निळे पडते आणि त्या जागचे पाणी उतरते, मग ती धार दहा मिनिटेही टिकत नाही. मी त्या मेस्त्रींना देऊन टाकल्या आणि हाय स्पीड स्टीलची चार हत्यारे घेतली: ओबडधोबड लाकूड गोल करण्याचे रुंद गाउज (पन्हळीसारख्या पात्याचे हत्यार), बारीक वळणे काढण्याचे स्पिंडल गाउज, तिरकस धारेची पटाशी आणि तुकडा तोडण्याचे पार्टिंग टूल. वाडगे कातू लागल्यावर बोल गाउजही घ्यावे लागले. एक गोष्ट सर्व नवशिक्यांनी कटाक्षाने पाळावी: ते रुंद गाउज वाडग्यावर कधीही वापरू नये. त्याचा शेपटाकडचा भाग अरुंद असतो, वाडग्यात आडव्या तंतूंमध्ये ते अडकले तर तेथेच मोडते आणि तुकडा तोंडाकडे उडतो. ग्राइंडर सहा इंची, मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेणारा आहे. त्याचे करडे चाक काढून पांढरे बसवले, कारण पांढऱ्या चाकावर पोलाद कमी तापते. धारेचा कोन दर वेळी तोच यावा म्हणून एक साधा जिग जोडून घेतला आहे. धार बोथट झाल्याची खूण डोळ्यांना नव्हे, कानांना कळते: लाकडातून येणारा सळसळ असा आवाज जाऊन खरखर सुरू झाली, आणि लांब छिलक्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की लेथ थांबवून ग्राइंडरकडे जायचे.

यंत्र प्रत्यक्ष चालते कसे, तर वेगाच्या वरच्या टप्प्यात उत्तम. दोन इंची लाटण्याला मिनिटाला तीन हजार फेरे दिले तरी बेडवर उभे केलेले रुपयाचे नाणे पडत नाही. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडचा डायल गेज लावून स्पिंडल किती डगमगतो ते तपासले, तेव्हा काट्याची हालचाल मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांपलीकडे गेली नाही. या किमतीत एवढे बिनचूक बेअरिंग मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि या एका गोष्टीसाठी मी इतर बरेच दोष माफ करते. खालच्या वेगाला मात्र हे यंत्र कमी पडते. वस्तूचा इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान असावा, असा कातणाऱ्यांचा जुना आडाखा आहे. त्या हिशेबाने आठ इंची वाडग्याला साडेसातशे ते अकराशे फेरे चालतात. पण तो वाडगा गोल झाल्यानंतरचा हिशेब आहे. कुऱ्हाडीने तासलेला, एका बाजूला जड असलेला ओला ओंडका पहिल्यांदा फिरवायचा असतो तेव्हा तीनशेच्या खाली सुरुवात हवी, आणि हा लेथ ५०० च्या खाली येतच नाही. वाळूची पोती असूनही टेबल हादरते. त्यामुळे मी ओंडका आधीच आरीने शक्य तितका गोल करून घेते आणि सुरू करताना वस्तूच्या रेषेतून बाजूला उभी राहते. वेग कमी करायचा तर नॉबने करू नये, पट्टा खालच्या पुलीवर घ्यावा हेही अनुभवाने कळले. नॉबने कमी केल्यास मोटरचा जोर घटतो आणि जरा खोल काप घेताच ती थांबते, पुली बदलल्यास तीच मोटर दमदारपणे ओढते.

पहिले लाटणे सासूबाईंसाठी केले. घरातल्या मोडक्या शिसवी पलंगाचा एक खूर माळ्यावर पडून होता. त्यातला फुटभराचा सरळ भाग आरीने काढून घेतला. सासूबाईंना बाजारातल्यासारखे दोन्हीकडे मुठी असलेले लाटणे नको होते. मध्ये किंचित फुगीर, दोन्ही टोकांकडे निमुळते होत जाणारे, हाताच्या तळव्याखालून पूर्ण फिरणारे असे त्यांनी सांगितले, आणि जुने झिजलेले लाटणे नमुना म्हणून पुढे ठेवले. ती फुगवटी इतकी कमी असते की पट्टी लावली तरच दिसते, परंतु पोळी आपोआप फिरते ती तिच्यामुळेच. तिरकस पटाशीने तो उतार काढताना दोनदा टोक लाकडात घुसले आणि शिसवीवर मळसूत्रासारखी खोल खाच उठली. दर वेळी तेवढा थर उतरवावा लागल्याने अखेर लाटणे ठरवल्यापेक्षा बारीक झाले. पटाशीची पाठ आधी लाकडावर टेकवायची, मग हळूहळू मूठ वर उचलून धार लागू द्यायची, हा क्रम हातात मुरायला मला पूर्ण महिना लागला. लाटण्याला कोणतेही पॉलिश लावले नाही. त्याच शिसवीच्या छिलक्यांची मूठ करून फिरत्या लाकडावर दाबून धरली, तेवढ्याने त्यावर मंद झळाळी आली.

शिसवीचा भुसा मात्र त्रासदायक आहे. मला मनगटावर पुरळ उठले, आणि सागवानाच्या भुश्यानेही काहींना तसे होते. मास्क आणि पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल हा हौसेचा खर्च समजू नये. बायकांना मी आवर्जून सांगते की लेथजवळ पदर, ओढणी, बांगड्या, गळ्यातले आणि मोकळे केस यांपैकी काहीही असता कामा नये. मी कुडत्यावर घट्ट बंदांचे एप्रन बांधते आणि मंगळसूत्र स्वयंपाकघरात काढून ठेवते. हातमोजेही घालू नयेत, कारण ते फिरत्या लाकडात अडकून हात आत ओढतात.

आंब्याच्या लाकडाने मला सर्वांत जास्त आनंद दिला. आमच्याकडे जुन्या कलमांची छाटणी झाली की जाड फांद्या सरपणात जातात. त्यांचे ओले लाकूड लोण्यासारखे कापले जाते आणि लांबच लांब छिलके खांद्यावरून मागे उडतात. पण ओला वाडगा एकदम पातळ कातला तर वाळताना फाटतो. म्हणून आठ इंची वाडग्याची भिंत आधी पाऊण इंच, म्हणजे व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी जाड ठेवते, दोन्ही टोकांच्या तंतूंवर मेण लावते आणि वाडगा त्याच्याच छिलक्यांत कागदी पिशवीत घालून ठेवते. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करते. घट थांबली की तो पुन्हा लेथवर चढतो. सहा वाडग्यांपैकी दोन तरीही फाटले, एकाला कीड लागून पीठ पडू लागले, आणि उरलेले तीन लंबगोल होऊन वाळले असून त्यांपैकी एक आता पुन्हा गोल कातून पुरा झाला आहे.

सावंतवाडीला गेले होते तेव्हा चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिली, या वेळी कातणाऱ्याच्या नजरेने. डाळिंबाच्या देठाजवळचे वळण एका हातात, एका ओघात काढलेले होते. तेथे पॉलिश पेपरने दोष झाकलेला नव्हता. परत आल्यावर मी भोवऱ्यावर लाखेची कांडी दाबून पाहिली. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते खरी, पण माझा रंग ठिपक्याठिपक्यांचा आला. त्यासाठी वेग किती ठेवावा आणि कांडी किती दाबावी याचा अंदाज अजून यायचा आहे.

एक तक्रार शेवटी सुटली, तीही नोंदवते. टेलस्टॉकची नळी (फिरते सेंटर जिच्यात बसते ती) आवळणारा स्क्रू पहिल्याच महिन्यात झिजला. काम करता-करता फिरते सेंटर मागे सरके आणि लाटणे सैल होऊन फडफडू लागे, आणि हा दोष धोक्याचा होता. विक्रेत्याकडे पाच वेळा फोन केल्यावर सातव्या आठवड्यात बदली स्क्रू आला, पण तोही आखूड निघाला. अखेर फॅब्रिकेशनवाल्याने त्याच आट्याचा, पितळी टोकाचा स्क्रू करून दिला. तो बसवल्यापासून नळी जागची हललेली नाही. त्यानंतर कातलेले दुसरे लाटणे, फणसाचे, पिवळेधमक आणि ठरल्या जाडीचे, गेल्या आठवड्यात नणंदेकडे चिपळूणला गेले.